हिमवाहनाचा साखळीपट्टा

हिमवाहनाचा साखळीपट्टा म्हणजे बर्फावर चालणाऱ्या इंजिनाच्या वाहनाच्या चाकांभोवती फिरणारा अखंड पट्टा होय. वाहनाचा भार मोठ्या पृष्ठभागावर पसरवणे आणि भुसभुशीत बर्फात पकड मिळवणे ही त्याची दोन मुख्य कामे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्यात तयार झालेल्या अनेक हिमवाहनांचे उत्पादन बंद झाले असून त्यांचे मूळ सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. त्यामुळे अशी वाहने चालू ठेवण्यासाठी किंवा संग्रहालयात जतन करण्यासाठी झिजलेले भाग शोधणे, दुरुस्त करणे अथवा नव्याने घडवणे आवश्यक ठरते. साखळीपट्ट्याचे भाग एकमेकांच्या सोबतीने झिजतात. म्हणून एखादाच भाग बदलून दुरुस्ती पुरी होत नाही. झीज होण्यापूर्वीचे मूळ माप निश्चित करणे हा या कामाचा गाभा मानला जातो.

संज्ञा

मराठीत अशा पट्ट्याला सर्वसाधारणपणे ‘चेन’ किंवा ‘ट्रॅक’ म्हणतात. खोदकाम करणाऱ्या यंत्राच्या संदर्भात ‘पोकलेनची चेन’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. ‘पोकलेन’ हे नाव फ्रान्समधील पोक्लॅं या कंपनीच्या नावावरून आले आणि पुढे ते सर्वच कंपन्यांच्या तशा यंत्रांना लागू झाले. पट्ट्याला गती देणाऱ्या दातेरी चाकाला स्प्रॉकेट, दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या चाकाला आयडलर आणि मधल्या भार वाहणाऱ्या चाकांना रोलर म्हणतात. बर्फात रुतून पकड घेणाऱ्या आडव्या पट्ट्यांना ग्राउझर ही संज्ञा आहे.

कार्यतत्त्व

वाहन बर्फात रुतते की नाही, हे त्याच्या एकूण वजनापेक्षा जमिनीवर पडणाऱ्या दाबावर अधिक अवलंबून असते. उदाहरणार्थ, २,००० किलो वजनाच्या वाहनाला प्रत्येकी ५० सेंमी रुंद असे दोन पट्टे असून प्रत्येक पट्ट्याची २ मीटर लांबी बर्फाला टेकत असेल, तर भार २०,००० चौ. सेंमी क्षेत्रावर पसरतो आणि दाब दर चौ. सेंमीला ०.१ किलो इतकाच राहतो. ६० किलो वजनाचा माणूस १५० चौ. सेंमीच्या एका तळव्यावर उभा राहिल्यास हाच दाब ०.४ किलो होतो. त्यामुळे माणूस ज्या बर्फात गुडघाभर रुततो, त्यावरून दोन टनांचे वाहन जाऊ शकते.

हा लाभ पट्टा अखंड असेपर्यंतच टिकतो. पट्टा तुटल्यास किंवा चेन उतरल्यास सारे वजन काही रोलरांवर येते व वाहन जागीच रुतते. वस्तीपासून दूर, शून्याखालील तापमानात असे घडल्यास प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते. या कारणामुळे ध्रुवीय प्रवासात इंजिनाइतकीच पट्ट्याचीही निगा राखली जाते.

इतिहास

अमेरिकेतील मेन राज्याचे ॲल्विन लोम्बार्ड यांनी १९०१ मध्ये लाकडाचे ओंडके बर्फावरून ओढणाऱ्या वाफेच्या यंत्राचे पेटंट मिळवले. पुढे स्टीलच्या पाठोपाठ रबरी पट्टेही आले. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम करणारे फ्रेंच अभियंते आदोल्फ केग्रेस यांनी लवचीक पट्ट्याची अर्धसाखळी मोटार विकसित केली. पुढे सित्रोएन कंपनीने त्यांची पद्धत स्वीकारली.

रॉबर्ट स्कॉट यांच्या टेरा नोव्हा मोहिमेत (१९१०–१३) साखळीपट्ट्याच्या तीन मोटार-घसरगाड्या अंटार्क्टिकाला नेण्यात आल्या. त्यांपैकी एक जहाजावरून उतरवताना बर्फ फुटून समुद्रात बुडाली. उरलेल्या दोन गाड्या इंजिनांतील बिघाडामुळे वाटेत सोडून द्याव्या लागल्या.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांच्या दोन वर्षांच्या मुलाचा १९३४ च्या हिवाळ्यात मृत्यू झाला. रस्ते बर्फाने बंद असल्याने त्याला रुग्णालयात नेता आले नव्हते. हिमवाहनाचे प्रयोग ते आधीपासूनच करत होते. १९३७ मध्ये त्यांना रबराने मढवलेले स्प्रॉकेट व पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले. त्यांच्या बी-७ आणि बी-१२ या वाहनांचा वापर प्रवासी, टपाल, शाळकरी मुले व रुग्ण यांच्या वाहतुकीसाठी झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्टुडबेकर कंपनीने एम-२९ वीझल हे हलके वाहन बनवले. अशी सुमारे १५,००० वाहने तयार झाली. युद्धानंतर ती शिल्लक माल म्हणून विकली गेली आणि अनेक ध्रुवीय मोहिमांनी ती घेतली.

विव्हियन फुक्स यांच्या राष्ट्रकुल अंटार्क्टिक-पार मोहिमेने २४ नोव्हेंबर १९५७ ते २ मार्च १९५८ या ९९ दिवसांत सुमारे ३,४७३ किमी अंतर कापले. या मोहिमेत टकर कंपनीच्या चार स्नो-कॅट होत्या. त्यांतील एक हिमदरीवर अधांतरी अडकली होती. तिला इतर वाहनांनी ओढून बाहेर काढले. वीझल व मस्केग जातीची वाहने वाटेत सोडावी लागली, परंतु चारही स्नो-कॅट शेवटच्या तळावर पोहोचल्या. याच मोहिमेत एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचले. शेतीच्या या ट्रॅक्टरांना साखळीपट्टे बसवलेले होते.

भारतीय उपखंड

सित्रोएन कंपनीच्या आशिया-पार मोहिमेने १९३१ मध्ये केग्रेस पट्ट्याच्या दोन मोटारी श्रीनगरहून गिलगिटच्या दिशेने नेल्या. भारतीय लष्कराच्या ७ व्या लाइट कॅव्हलरी रेजिमेंटने १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या झोजिला खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवले. थंडी व हिमवर्षावाच्या दिवसांत झालेल्या या कारवाईने लेहकडे जाणारी वाट मोकळी झाली. हे रणगाडे हिमवाहने नव्हती. तरीही बर्फाळ प्रदेशातील साखळीपट्ट्याच्या वापराचे ते भारतातील महत्त्वाचे उदाहरण आहे.

रचनेचे प्रकार

जुन्या हिमवाहनांत प्रामुख्याने तीन प्रकारचे पट्टे आढळतात.

कडी-पिन पट्टा: पोलादी कड्या पिन व बुश यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. बुलडोझर व ट्रॅक्टरमध्येही हीच रचना असते. पट्टा मजबूत असतो, परंतु जड असतो.

रबरी पट्टा व आडव्या पट्ट्या: दोन किंवा अधिक समांतर रबरी पट्टे पोलादी ग्राउझरांनी जोडलेले असतात. बोंबार्डिए, थायोकोल इत्यादी वाहनांत हा प्रकार दिसतो. वीझलच्या रबरी पट्ट्यांत पोलादी दोर घातलेले असत. १९६९ पासून तयार होणाऱ्या पिस्टनबुली या जर्मन वाहनातही रबरी पट्टे व ग्राउझर अशीच रचना आहे.

पाँटून पट्टा: जुन्या टकर स्नो-कॅटला चार स्वतंत्र पाँटून असतात व प्रत्येकाभोवती शिडीसारखा पोलादी पट्टा फिरतो. पुढील व मागील जोड्या विरुद्ध दिशांना वळवून वाहन वळवले जाते.

झीज

स्वच्छ बर्फामुळे पोलादाची झीज फारशी होत नाही. झीज होते ती बर्फातील वाळू व खडीमुळे, उघड्या खडकावरून किंवा डांबरी रस्त्यावरून चालवल्यामुळे आणि उन्हाळ्यात उभ्या वाहनावर चढणाऱ्या गंजामुळे. स्प्रॉकेट व पट्टा यांच्यामध्ये दाबला गेलेला बर्फ गोठून कठीण होतो, तेव्हा पट्ट्यावर अनपेक्षित ताण येऊन पिन वाकतात किंवा रबर फाटते.

कडी-पिन पट्ट्यात सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांच्या मध्यबिंदूंमधील अंतर, म्हणजेच पिच. पिन बाहेरून आणि बुश आतून झिजल्यावर हे अंतर वाढते. ४० कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक जोडात १.५ मिमी झीज झाली, तर चेनची एकूण लांबी ६० मिमीने वाढते. कारागीर अशा वेळी ‘चेन वाढली’ असे म्हणतात. प्रत्यक्षात लोखंड ताणले गेलेले नसते; जोडांतील फट वाढलेली असते.

पिच वाढल्यावर बुश स्प्रॉकेटच्या खाचेत नीट न बसता दाताच्या कडेवर चढते. त्यामुळे दात एका बाजूने झिजून आकड्यासारखे वाकडे व टोकदार होतात. अशा स्प्रॉकेटवर नवी चेन चढवल्यास तीही अल्पावधीत खराब होते. उलट, झिजलेल्या चेनखाली नवे स्प्रॉकेट बसवल्यास त्याचे दात लवकर जातात. या कारणाने स्प्रॉकेट, चेन व रोलर यांची तपासणी नेहमी एकत्र केली जाते.

सुटे भाग मिळवणे

अनेक मूळ उत्पादकांनी हा व्यवसाय सोडला आहे. स्टुडबेकरचे मोटार-उत्पादन १९६६ मध्ये थांबले. थायोकोलने हिमवाहनांचा विभाग १९७८ मध्ये विकला आणि त्यातून पुढे आलेली एलएमसी ही कंपनी २००० मध्ये बंद झाली. टकर कंपनी अद्याप कार्यरत आहे. अशा स्थितीत भाग मिळवण्याचे पुढील मार्ग वापरले जातात.

दाता वाहन: दुरुस्तीपलीकडे गेलेले त्याच जातीचे वाहन विकत घेऊन त्याचे चांगले भाग काढले जातात. अनेक वाहने पुढील प्रवासाच्या कामी आली नाहीत, तरी त्यांचे रोलर, कड्या व ग्राउझर वापरण्याजोगे असतात.

सामायिक भाग: लहान उत्पादक सर्वच भाग स्वतः बनवत नसत. इंजिन, ॲक्सल, बेअरिंग व सील हे भाग मोटारी, ट्रक किंवा शेतीयंत्रांच्या उत्पादकांकडून घेतले जात. वीझलमध्ये स्टुडबेकरच्याच चॅम्पियन मोटारीचे इंजिन होते. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक या शोधात विशेष उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, ६२०५ या क्रमांकाच्या बेअरिंगचे आतील व्यास २५ मिमी, बाहेरील व्यास ५२ मिमी व जाडी १५ मिमी हे माप जगभर एकच असते. क्रमांक पुसला गेला असला, तरी ही तीन मापे घेऊन बदली बेअरिंग निवडता येते.

नवनिर्मिती: भाग कोठेच न मिळाल्यास नमुन्यावरून नवा बनवला जातो. येथे झिजलेल्या भागाचेच माप घेणे ही नेहमी होणारी चूक आहे. तसे केल्यास झीजही नव्या भागात उतरते. मूळ माप मिळवण्यासाठी उत्पादकाची पुस्तिका, न वापरलेला भाग, किंवा त्याच भागाची न घासलेली जागा पाहिली जाते. उदाहरणार्थ, पिनचे टोक कडीत घट्ट बसलेले असल्याने तेथे मूळ व्यास बहुधा टिकून असतो. स्प्रॉकेटच्या दातांची संख्या व खाचांच्या तळाचा व्यास यांवरूनही मूळ पिचचा अंदाज घेता येतो.

पुनर्बांधणी

पिन व बुश

पिन व बुश यांची झीज मुख्यतः एकाच बाजूने होते. म्हणून चेन खोलून दोन्ही अर्ध्या फेऱ्याने उलटवल्यास न झिजलेली बाजू कामाला लागते आणि पिच पूर्ववत होते. ही युक्ती एकदाच करता येते, तसेच बुशची भिंत पुरेशी जाड उरलेली असेल तरच ती उपयोगी पडते.

नव्या पिन लेथवर कातल्या जातात. त्यासाठी वरचा थर कठीण व गाभा चिवट राहील असे पोलाद लागते. भारतीय कार्यशाळांत अशा कामाला ईएन-३५३ या प्रतीचे पोलाद वापरले जाते. कातकामानंतर पृष्ठभागात कार्बन मुरवून पिनला पाणी दिले जाते. संपूर्ण पिन सारखीच कठीण केल्यास ती धक्क्याने मोडते आणि पाणी दिलेच नाही तर लवकर झिजते.

स्प्रॉकेट व रोलर

झिजलेल्या दातांवर वेल्डिंगने भर घालून ते पुन्हा आकारात आणता येतात. भर घालण्यापूर्वी भाग तापवणे, कोरड्या ठेवलेल्या लो-हायड्रोजन सळ्या वापरणे आणि नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत सावकाश निवू देणे या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात. भाग झटकन निवल्यास वेल्डच्या कडेला तडे जातात व ते प्रथम डोळ्यांना दिसत नाहीत. दातांचा आकार पत्र्याच्या साच्याने तपासला जातो. झीज फार असल्यास जुना दातेरी कडा कापून काढून जाड पत्र्यातून कापलेला नवा कडा मूळ तुंब्यावर बसवतात.

रबर मढवलेल्या रोलरांचे जुने रबर काढून नवे रबर चढवले जाते अथवा पॉलियुरेथेन ओतले जाते. तुंब्यातील बेअरिंग व सील याच वेळी बदलतात. सील निकामी झाल्यास वितळलेल्या बर्फाचे पाणी आत जाऊन बेअरिंग गंजते.

रबरी पट्टा

मूळ पट्टा न मिळाल्यास कापडाचे अनेक थर असलेल्या कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्या कापून वापरल्या जातात. पट्टा निवडताना जाडीपेक्षा थरांची संख्या, ताण सहन करण्याची क्षमता आणि थंडीत टिकणारी लवचीकता पाहावी लागते. सर्व छिद्रे पोलादी साच्यावरून पाडली जातात. प्रत्येक छिद्र मागील छिद्रावरून मोजल्यास लहान चुका साचत जातात. त्यामुळे पट्टा एका बाजूस अधिक लांब होतो व वाहन सतत एका अंगाला ओढते. समांतर पट्ट्यांची लांबी एकसारखी असणे त्यामुळेच अनिवार्य ठरते.

ग्राउझर

वाकलेले ग्राउझर सरळ करता येतात, परंतु उष्णता-प्रक्रिया केलेले ग्राउझर लाल होईपर्यंत तापवल्यास मऊ पडतात. झिजलेल्या कडेवर कठीण धातूचा थर देता येतो. बोल्टची छिद्रे लंबगोल झाली असल्यास ती भरून पुन्हा पाडतात; केवळ मोठा बोल्ट घातल्यास रबरातील छिद्रही मोठे करावे लागते व पट्टा कमकुवत होतो.

थंडीचा परिणाम

साधे कार्बन पोलाद ठरावीक तापमानाखाली ठिसूळ होते आणि उष्ण हवामानात सहज सोसलेला धक्का तेथे त्याला तोडू शकतो. निकेलयुक्त पोलाद अशा तापमानात अधिक चिवट राहते. नैसर्गिक रबर सुमारे उणे ७० अंश सेल्सिअसला काचेसारखे होते, परंतु त्याच्या बरेच आधीपासून कडक होऊ लागते. ग्रीसही थिजते. म्हणून उष्ण प्रदेशात तयार केलेला भाग माप तंतोतंत जुळूनही ध्रुवीय वापरास अयोग्य ठरू शकतो.

जोडणी व ताण

पट्टा फार आवळल्यास पिन, बुश व बेअरिंग यांची झीज वाढते. फार ढिला ठेवल्यास तो दात सोडतो किंवा वळताना उतरतो. ताण देण्यापूर्वी दबलेला बर्फ काढून टाकणे आवश्यक असते. काही यंत्रांत ग्रीस भरलेल्या सिलिंडरने ताण दिला जातो. त्याची झडप एकदम पूर्ण खोलल्यास दाबाखालील ग्रीस किंवा झडप उडून प्राणघातक इजा होऊ शकते. नव्या जोडणीनंतर थोडे अंतर चालवून ताण व बोल्ट पुन्हा तपासतात.

गोवा व अंटार्क्टिका मोहिमा

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तिसऱ्या मोहिमेत (१९८३–८४) दक्षिण गंगोत्री हे केंद्र उभारले गेले. त्यानंतर १९८९ मध्ये मैत्री व २०१२ मध्ये भारती ही केंद्रे सुरू झाली. मोहिमांचे संयोजन वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते.

मैत्री केंद्र समुद्राला लागून नसल्याने जहाजावरील इंधन व सामान हिमवाहनांनी ओढलेल्या घसरगाड्यांवरून सुमारे १०० किमी आत न्यावे लागते. यासाठी पिस्टनबुली वाहने वापरली जातात. जहाज उन्हाळ्यातच पोहोचू शकते. त्यामुळे हिवाळ्यात पट्ट्याचा भाग मोडल्यास केंद्रावरील साठा व तेथील तंत्रज्ञांचे कौशल्य यांवरच भिस्त असते. याउलट नोव्हेंबर २०१० मध्ये रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखालील भारतीय पथक मैत्रीहून दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते रुंद टायरांच्या चाकी वाहनांनी. कमी दाबाच्या टायरांनी साखळीपट्ट्याला काही ठिकाणी पर्याय निर्माण केल्याचे हे उदाहरण होय.

महाराष्ट्रातील समांतर काम

महाराष्ट्रात हिमवाहनांची गरज नसली, तरी कडी-पिन पट्ट्याच्या दुरुस्तीचे तंत्र येथे पोकलेन, डोझर व क्रॉलर ड्रिल यांमुळे परिचित आहे. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील खर्डी परिसर हे त्याचे एक उदाहरण होय. कल्याण–कसारा रेल्वेमार्गावरील या भागाच्या आसपास तानसा, भातसा व मध्य वैतरणा ही धरणे आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पाही शहापूर तालुक्यातून जातो. हा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला.

येथील काळा कातळ व मुरूम चेनच्या कड्या आणि रोलर घासतात. पावसाळ्यात भातखाचरांचा चिखल स्प्रॉकेटमध्ये थापला जातो आणि सुकल्यावर चेन ताणतो. बर्फ गोठल्याने हिमवाहनात होणारे नुकसान याच स्वरूपाचे असते. कारण निराळे असले, तरी चेनची लांबी मोजणे, पिन-बुश उलटवणे, रोलरवर भर घालणे व संपूर्ण खालचा भाग एकत्र तपासणे हे उपाय दोन्हीकडे समान आहेत. थंडीला साजेसे पोलाद व रबर निवडणे हा मात्र हिमवाहनांच्या कामातील अधिकचा भाग आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये विविध देशांचे ऐतिहासिक रणगाडे आहेत. जुन्या साखळीपट्ट्यांच्या रचनेतील फरक तेथे प्रत्यक्ष पाहता येतात.

जतनाची तत्त्वे

चालवण्यासाठी केलेली दुरुस्ती व संग्रहालयासाठी केलेले जतन यांची उद्दिष्टे भिन्न असतात. चालत्या वाहनात सुरक्षितता प्रथम येते व तेथे बदली पट्टा स्वीकारला जातो. संग्रहालयात झिजलेला मूळ भागही पुरावा असतो. वाहन कोठे व कसे वापरले गेले, हे त्यावरील खुणांवरून कळते. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या कँटरबरी संग्रहालयात फुक्स यांच्या मोहिमेतील एक स्नो-कॅट जतन केलेली आहे.

दोन्ही प्रकारांत काढलेले भाग जपून ठेवणे, नव्या भागावर निर्मितीचे वर्ष कोरणे आणि मापांचे रेखाचित्र नोंदवून ठेवणे उपयुक्त ठरते. नव्या पिनांनाही काही वर्षांनी झीज होणार असते. मूळ माप लिहून ठेवलेले असल्यास पुढील कारागिराला ते पुन्हा शोधावे लागत नाही.

हे सुद्धा पाहा

रणगाडा
बुलडोझर
मैत्री (संशोधन केंद्र)
झोजिला
खर्डी